भरवतो म्हणा

उकडलेल्या मटारचं साल त्याने नखाने अलगद सोडवलं, दाणा बोटांत चुरला आणि त्यातला मोहरीएवढा कण चिमट्याच्या टोकावर धरून हात मनगटापर्यंत टाकीत बुडवला. सोनेरी मासा पोट वर करून तरंगत होता. कल्ले मारून अर्धा वळायचा, की पुन्हा उलटा.

"वरून टाकलं की हवाही गिळतो, मग आणखी फुगतो," तो बायकोला म्हणाला. "तोंडाशीच न्यावं लागतं. घाई करून चालत नाही."

माशाचा तोल गेल्यापासून, म्हणजे तीन दिवस, त्याने घड्याळदुरुस्तीचं दुकान उघडलं नव्हतं. माशांच्या टाक्या विकणाऱ्याने सांगितलं तसं माशाला तीन दिवस उपाशी ठेवलं, धडपड कमी व्हावी म्हणून पाणी अर्ध्यावर आणलं. पाण्याबाहेर राहिलेलं पोट कोरडं पडू नये म्हणून तासातासाला ओला कापूस फिरवला.

बायको दारात चपला घालत होती.

"आज गणवेशांची ऑर्डर निघायचीय. कारखान्यातून यायला मला आठ वाजतील. आईंचं सकाळचं जेवण मी भरवलंय, संध्याकाळचं तुम्ही भरवा."

"शेजारच्या वहिनींना सांग ना."

"त्या बाहेरगावी गेल्यात. भात मऊ केलाय, सूप गरम करून त्यात कालवा. उशीला टेकवून बसवायचं, उजव्या बाजूने चमचा द्यायचा. बस."

"ठसका लागला तर? आईला भरवायचं म्हटलं की माझा हात थरथरतो गं."

तिने पाण्यातल्या हाताकडे पाहिलं. चिमट्याचं टोक तसूभरही हलत नव्हतं.

"आठ महिने मी भरवतेय. मी काय पोटातून शिकून आले होते?"

"बरं बाई, बघतो."

"बघतो नाही. भरवतो म्हणा."

"भरवतो."

दिवसभर मशीनवर तिचं लक्ष लागलं नाही. दोन बाह्या उलट्या शिवल्या आणि मुकादमाची बोलणी खाऊन उसवल्या. परतताना वाटभर ती मनात भांडत होती. काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची, सगळं जुळवून झालं होतं.

घरात शिरली तेव्हा तो टाकीशीच होता. पण ओट्यावर सासूचा वाडगा धुऊन पालथा घातलेला होता.

"भरवलं?"

"हो," तो वळून न बघता म्हणाला.

"ठसका?"

"नाही लागला."

जुळवलेलं भांडण तिने गिळून टाकलं. उगाच पाण्यात पाहत होतो आपण त्याला, असं वाटून ती जराशी ओशाळलीही. पदराने तोंड पुसत ती आतल्या खोलीत गेली.

"आई, जेवलात?"

अर्धांगाचा झटका आल्यापासून सासूचं बोलणं जड झालं होतं.

"जेवले. बाळानं भरवलं."

"पोटभर?"

"पोटभर."

धुवायला टाकावा म्हणून तिने उशाचा रुमाल उचलला. सकाळी ठेवला होता तसा, चार घड्यांचा. सासूच्या गाऊनवरही डाग नव्हता. सासूच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून अन्न ओघळायचंच. भरवायची इतक्या दिवसांची सवय होऊनही एकेका जेवणाला एकेक रुमाल भरायचा.

ती स्वयंपाकघरात गेली. बेसिनच्या जाळीत भाताची शितं अडकली होती.

पातेल्यात थोडा भात उरला होता. तिने तो उरलेल्या सूपमध्ये कालवला, गरम केला आणि पलंगाशी येऊन बसली. सासूने वाडग्याकडे पाहिलं, मग दाराकडे. चमचा तोंडाशी पोचायच्या आधीच तिने तोंड उघडलं.

"हळू, आई. हळू."

चार-पाच घासांनंतर सासूने चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं.

"त्याला बोलू नकोस."

सुनेने ओघळलेलं पुसलं. मनगट सोडवून घेतलं नाही.

बाहेरून हाक आली, "अगं, ये ना बघायला! दोन कण खाल्ले त्याने, चक्क दोन!"

सासूच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती, ती हसली.

"लहानपणापासून असाच," ती म्हणाली. "फार मायाळू."

सुनेने पुढचा चमचा भरला.