शून्य किलोमीटर

आमच्या घरात एक खोली वायरलेसची आहे. उरलेल्या घरात मी असते. आमचे हे कानांना हेडफोन लावून त्या खोलीत बसतात आणि मोर्सची किल्ली टकटकवत समुद्रापलीकडच्या माणसांची तब्येत विचारतात. माझं ऑपरेशन ठरलं तेव्हा मला एवढंच विचारलं होतं, "मग स्वयंपाकाचं कोण बघणार?"

मीही हट्टाला पेटले. धाकट्या दिरांनाही हाच नाद. त्यांच्याकडे सहा महिने ते कट्ट-कड गिरवलं, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. जाऊ पोट धरून हसायची. पण एकदा तरी हा माणूस माझ्याशी धड बोलावा, एवढंच मला हवं होतं.

रविवारी सकाळी दिरांच्या घरून मी वायरलेसवर हाक दिली. लायसन्सबरोबर मिळालेलं माझं कॉलसाइन, म्हणजे वायरलेसवरचं नाव, ह्यांना ठाऊक नव्हतं, आणि मोर्समध्ये आवाज ओळखू येत नाही. लगेच उत्तर! सिग्नल उत्तम, किल्लीवरचा हात नवा दिसतोय पण स्वच्छ आहे, तब्येत कशी, दिवसभर काय करता? लग्न ठरलं तेव्हासुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी शहाणी! विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही." एकही अक्षर अडखळलं नाही.

दिरांनीही ते ऐकलं आणि उगाच खिडकी पुसायला घेतली.

बोलणं झालं की पोच म्हणून एकमेकांना कार्ड पाठवायची ह्या वायरलेसवाल्यांत पद्धत आहे. मीही पाठवलं, चांगलं तिकीट लावून पोस्टाने. बुधवारी चहा घेऊन गेले, तर ते कार्ड हातात घेऊन बसले होते. नाव माझं, पत्ता ह्याच घराचा. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता तरी शरमतील.

त्यांनी नोंदवही उघडली, पट्टी धरली आणि लाल पेनाने रविवारची ओळ खोडली.

"एकाच पत्त्यावरचं धरत नाहीत. अंतर शून्य."

"आणि घरी कोणी नाही म्हणालात, ते?"

"ते कुठे खोटं होतं? तू तेव्हा घरी नव्हतीसच."

कार्ड माझ्या ट्रेमध्ये ठेवून त्यांनी चहा उचलला आणि हेडफोन चढवले.