सुलतानपूरच्या पुढं

मेहकरच्या मुलींच्या शाळेची मोटर शालिग्राम चालवायचा, तेव्हापासून सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं येडपटपणाचं वाटेल. सकाळी सुलतानपूरपर्यंत जाऊन वाटेवरच्या खेड्यांतल्या पोरी गोळा करायच्या, संध्याकाळी त्यांना परत सोडायचं, हे त्याचं काम. घरी आला की जेवता जेवता तो बायकोला, रुखमाबाईला, अख्खा रस्ता सांगायचा. कुठल्या मळ्याला पाणी सुटलं, कुठल्या बांधावर मोर बसला होता, ओढ्याअलीकडच्या पळसबनाला फूल आलं की पोरी खिडकीतून हात काढून कशा ओरडतात, सगळं. सुलतानपूरच्या वडाशी येऊन त्याचा रस्ता संपायचा आणि बहुतेक तेव्हाच भाकरही संपायची.

“त्याच्या पुढं काय हाये?” रुखमाबाई विचारायची.

“पुढं लोणार. पण आपली मोटर तिथलोक जात नाई.”

त्या मोटरीत रुखमाबाईनं कधी पाय ठेवला नव्हता. शाळेचा नियमच होता, पोरी आणि पोरींवर नजर ठेवणारी एक बाई, तिसरं कुणी नाही. नवरा ड्रायव्हर आणि बायको जन्माची पायी, यावर शेजारणी हसायच्या. तीही त्यांच्याबरोबर हसायची, पण आतून तिला ते लागायचं.

मग लढाई लागली. पेट्रोल कुपनावर गेलं, टायर सोन्यासारखे झाले, आणि शाळेनं मोटर विकून टाकायची ठरवली. बिनपेट्रोलची मोटर कोण घेणार? शालिग्रामनं घेतली. चार बैल लावून ती घरापर्यंत ओढून आणली आणि अंगणातल्या लिंबाखाली उभी केली. अख्खं गाव बघायला जमलं. तिच्यावरून हात फिरवत तो बायकोला म्हणाला, “आता हे आपलं फिरतं घर. लढाई सरली का निंगू. आधी लोणार, मग संग्रामपूरले कोकिळाच्या घरी, मग सातपुडा उतरून नर्मदेलोक.” कोकिळा त्यांची एकुलती लेक, लग्न होऊन तिकडंच दिलेली.

तो कामाला लागला. एका अंगाची बाकं उखडून त्यांच्या फळ्यांची झोपायची माची केली. भांडी घरंगळू नयेत म्हणून फळीला काठ लावला. रुखमाबाईनं जुन्या लुगड्याचे पडदे शिवले. उजव्या अंगाला तिनं फरशीवर माती लिंपून चूल घातली आणि धूर जायला त्यानं टपाला भोक पाडलं. स्वयंपाक करताना तोंड उगवतीला हवं, तशी ती बरोबर उगवतीला होती. चूल वाळल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की मोटर वळली तर चूलही वळणार. झालं, गावाला वर्षभराचं हसू मिळालं. घर फिरलं की वासेही फिरतात, इथं तर चूलच फिरणार म्हणाले. शालिग्रामनं शांतपणे सांगितलं, की जिथं मुक्काम पडेल तिथं तो मोटरीचं तोंड उत्तरेकडं करून उभी करील, म्हणजे त्याच्या बायकोपुढं उगवतीच राहील.

दुसऱ्या अंगाची बाकं तशीच राहिली, कारण तोवर त्याचे डोळे जायला लागले. आधी दिव्याभोवती कडी दिसायची, मग खिळ्याऐवजी हातोडा बोटावर पडायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरनं हात टेकले. अर्धं घर, अर्धी शाळा अशी ती मोटर लिंबाखाली उभी राहिली.

पण म्हणून प्रवास थांबला नाही. दुपारची कामं उरकली की दोघं मोटरीत जाऊन बसायची. तो पुढं चाकाशी, ती मागं पोरींच्या बाकावर. तो चाक हलवायचा, ती डोळे मिटायची. लिंबाची सावली पडद्यावर हलायची आणि तिला झाडंच मागं पळताहेत असं वाटायचं. मळे यायचे, मोर यायचा, पळसबन यायचं. कधी ओढ्याचं गार वारंही अंगाला लागल्यागत व्हायचं. मध्येच ती डोळे किलकिले करून बघायची तर पुढं त्याची पाठ. सदऱ्यावरचा घामाचा डाग, मानेवरचे पांढरे केस. ती पाठ बघत बघत तिनं त्या अंगणातून कितीतरी मुलूख पालथा घातला. मात्र सुलतानपूरचा वड आला की मोटर थांबायची. पुढचं त्यानंच पाहिलं नव्हतं, तर सांगणार काय?

पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि टायरांना चिरा गेल्या. उभी राहून सडण्यापेक्षा चालती राहो, असं शालिग्रामनंच ठरवलं. लोणारचा हिंमतराव नावाचा बागाईतदार तयार झाला. त्याला वांगी आणि कांदे बाजारात न्यायचे होते, पेट्रोलची सोयही त्यानं कुठूनशी केली होती. फाल्गुनातल्या एका सकाळी तो कडूबा नावाचा ड्रायव्हर आणि पेट्रोलचा डबा घेऊन आला. पंच्याखाली बोटं धरून बैलासारखा मोटरीचा सौदा झाला. किती झाला ते त्या दोघांना माहीत, आपल्याला काय करायचंय? पण जाताजाता हिंमतराव म्हणाला, की घरी नेल्यावर तो पहिल्यांदा ती चूल काढून टाकील, टोपल्यांना जागा हवी.

दाराआड उभ्या रुखमाबाईनं ते ऐकलं. मोटर जाणार याचं दुःख तिनं गिळलं होतं. पण जी चूल एकदाही दुसऱ्या गावची माती न बघता फुटणार, ती मग तिनं घातली कशाला? एक मुक्काम. तेवढाच तिला हवा होता, आणि तो आता मिळाला नाही तर या जन्मात मिळायचा नव्हता.

नारळ फुटला. मोटरीची बॅटरी केव्हाच मेलेली, हँडल मारल्याशिवाय ती सुरू होत नसे. कडूबानं सीटखाली बघितलं, टपावर बघितलं. हँडल नव्हतं. तेवढ्यात रुखमाबाई बाहेर आली. पदराआडून हँडलचं लोखंडी टोक दिसत होतं.

“हिंमतरावभाऊ,” ती म्हणाली, “बैल इकला तरी दावं कोणी देते का?”

हिंमतरावनं हँडलकडं नेलेला हात मागं घेतला. तो कुणबी होता. बैल विकणाऱ्यानं दावं घरीच ठेवायचं, घेणाऱ्यानं आपलं आणायचं, नाहीतर विकणाऱ्याची बरकत बैलामागं जाते, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं होतं. दुसऱ्याची बरकत ओढून नेल्याचं पाप त्याला नको होतं. बरं, मोटरीचं दावं हे नव्हे, असं छातीठोक सांगावं तर तेही शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही.

“मंग कसं करता वहिनी?” तो म्हणाला.

“दावं मी राजीखुशीनं सोडतो. पण मोटर लोणारले जाऊनच राह्यली, तं आमाले घेऊन चाला. तळ्याच्या काठावर मोटरीचं तोंड उत्तरेकडं करून उभी करा. मी भाकरी टाकतो, तुमीबी जेवा. मंग हँडल तुमचं अन् मोटरबी तुमची.”

शालिग्रामला ती हे बोलेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. हिंमतरावला आधी हसू आलं. मग त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि परतीला आपली बैलगाडी सोडायला येईल असंही स्वतःच कबूल केलं.

पीठ, मीठ, तवा, सरपण मोटरीत चढलं. कडूबानं हँडल मारून मोटर सुरू केली आणि ते परत रुखमाबाईच्या हाती दिलं. शालिग्राम सवयीनं पुढच्या दाराशी गेला. तिथं कडूबा बसलेला. त्याचा हात दारावर तसाच राहिला. रुखमाबाईला ते बघवेना. तिनं मागून हाक मारली, “इकडं या जी.”

असा तो पहिल्यांदा मागं आला आणि पोरींच्या बाकावर तिच्याशेजारी बसला. मोटर हलली तशी दोघं एकमेकांवर आदळली. “मागं इतकं हादरते?” तो म्हणाला. पोरी इतकी वर्षं कुरकुरायच्या ते खोटं नव्हतं तर. रुखमाबाई हसली आणि हसतानाच तिच्या ध्यानात आलं की ती त्याचा चेहरा बघतेय. त्याचे डोळे शाबूत असते तर आजही तिच्यापुढं पाठच असती. तो चालवत नाही याचा तिला आनंद झाला. झाला त्याची तिला लाजही वाटली, पण आनंद काही हटला नाही.

वळणं अंगाला कळत होती, म्हणून तो सांगत होता. आता मळा. आता उतार. “आता पळसबन आलं पाह्य. फुललं असन.”

तिनं बाहेर पाहिलं. बन नव्हतं. लढाईत सरपणाला भाव आला होता, नुसती बुडखी उरली होती. तिला वाटलं, फुललंय म्हणून सांगावं. पण त्यानं तिला आजवर कधी खोटा रस्ता सांगितला नव्हता.

“पळस नाईत जी. तोडले,” ती म्हणाली. “पण त्याइच्यामागं एक टेकडी दिसते. तिच्यावर देऊळ हाये, पांढरं. तुमी ते कधी सांगतलं नोतं.”

त्यानं खिडकीकडं तोंड वळवलं. मग म्हणाला, “झाडाइमुळं दिसलंच नसन मले.”

सुलतानपूरचा वड आला तसा त्यानं पाय दाबला, जणू ब्रेक त्याच्याच पायाखाली होता. मोटर थांबली नाही. वडाची सावली टपावरून सरकली, उन्हाचा पट्टा आत आला आणि दोघंही जराशी घाबरल्यासारखी एकमेकांना धरून बसली. इथून पुढं त्याला काही माहीत नव्हतं.

“काय दिसते?” त्यानं विचारलं.

ती सांगायला लागली. आधी अडखळत, मग सुरळीत. हरभऱ्याचे ढीग, विहिरीवर नांदुरकीचं झाड, रस्त्यातच बसलेली म्हैस, तिच्यापुढं हात जोडणारा कडूबा. सांगता सांगता तिचं तिलाच कळेना की हे खरंच दिसतंय की लिंबाखाली डोळे मिटून बसल्यावर दिसायचं तसं. मग एकाएकी जमीन संपली आणि खाली, फार खाली, झाडांच्या कडेत हिरवं पाणी निजलेलं दिसलं. खारट वास आला.

हिंमतरावनं शब्द पाळला. मोटर मागं पुढं करून तोंड उत्तरेकडं केलं. रुखमाबाईनं चूल पेटवली. खिडकीत उगवतीचं आभाळ होतं आणि त्याच्याखाली तळं. तिनं भाकरी थापल्या, हिंमतरावच्याच वांग्यांची भाजी केली. तो आणि कडूबा पोटभर जेवले. शालिग्राम चुलीशी बसला होता, त्याच्या ताटात ती एकेक भाकर तव्यावरून वाढत होती.

मग तिनं पाणी शिंपडून चूल विझवली, हातानंच फोडली आणि माती तळ्याच्या उतारावर सांडली. हँडल पदरानं पुसून हिंमतरावच्या हातात दिलं. त्यानं ते कपाळाला लावलं.

मोटर गेली. आवाज वळणापर्यंत आला, मग तोही गेला. मोर ओरडला. बैलगाडी यायला अवकाश होता, म्हणून दोघं काठावरच्या दगडावर बसली.

“गेली?” त्यानं विचारलं.

“गेली.”

तो हातानं दगड चाचपत तिच्याजवळ सरकला, त्याच्या ताटाशी बसून ती जशी रोज ऐकायची तसा, गुडघे जवळ घेऊन.

“मंग सांग आता,” तो म्हणाला. “सुलतानपूरच्या पुढं काय काय हाये?”