माझी मुदत, मास्तरांची मुदत

मी एक हेल्मेट बोलतोय. स्कूटरच्या हँडलला लटकत राहायचं आणि चौकात पोलीस दिसला की घाईघाईने डोक्यावर चढायचं, त्या जातीचा मी नव्हे. मी शर्यतीचा. दोन गाड्या, एक सरळ पट्टी, ना वळण ना चढ. तुम्ही शिंकून नाक पुसाल तेवढ्यात शर्यत संपलेली असते. पण तेवढ्यासाठी माणसं वर्ष वर्ष गाडीखाली पडून असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या आत, कानाच्या गादीखाली एक पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर माझं जन्मसाल लिहिलंय. नियम असा, की जन्माला ठरावीक वर्षं झाली की हेल्मेट बाद. तडा नसो, ओरखडाही नसो, बाद म्हणजे बाद. पूर्वी मला याचा भारी राग यायचा. आता वाटतं, माझं सोपं होतं. माणसाच्या आत अशी पट्टी कुणी चिकटवत नाही. त्याला स्वतःच ठरवावं लागतं, आणि ते काय असतं ते मला मास्तरांच्या डोक्यावर बसून कळलं.

मास्तर म्हणजे माझे मालक. त्यांची मोटार शिकवण्याची शाळा आहे. आठवडाभर त्यांचं एकच काम, लोकांना हळू चालवायला शिकवणं. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा पाय चुकला की मास्तरांचा पाय पडतो. "क्लच हळू सोडा, तो कुठे पळून जात नाही," हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणतात की झोपेतही म्हणतात, असं वहिनी सांगतात. आणि सुट्टीच्या दिवशी हाच माणूस विमानाच्या जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर जाऊन गाडी अशी पिटाळायचा, की बघणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत.

त्या गाडीचीही गंमत आहे. ती आधी त्यांच्याच शाळेची होती. शेकडो नवशिक्यांनी तिला बंद पाडलं, फुटपाथवर चढवलं, पहिल्या गिअरमध्ये रडवलं. ती थकल्यावर मास्तरांनी भंगारात दिली नाही. जादा ब्रेक काढला, मागची बाकं काढली, मोठं इंजिन बसवलं आणि म्हणाले, "खूप सोसलंस बाई, आता पळ."

मला दुकानातून निवडलं ते वहिनींनी. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको, धावपट्टीवर सगळेच त्यांना वहिनी म्हणतात. माझ्याआधी मास्तरांची दोन हेल्मेटं बाद झाली होती. दुकानदार लाल, चमचमतं काहीतरी पुढे करत होता. वहिनी म्हणाल्या, "पांढरं द्या. धुरात मला ह्यांचं डोकं दिसलं पाहिजे." अशी माझी निवड झाली आणि मी फार खूश झालो. रंगामुळे का होईना, कुणाला तरी मी हवा होतो.

हौशी लोकांच्या या शर्यतीत एक रीत आहे, तिच्यावर माझा जीव जडला. आपली गाडी सुटल्यापासून पट्टी किती वेळात पार करेल, तो आकडा आधीच गाडीच्या काचेवर लिहून द्यायचा. ज्याची गाडी हळू, त्याचा हिरवा दिवा आधी लागतो. वेगवान गाडीने मागून येऊन गाठायचं. म्हणून जुनीपुराणी गाडीसुद्धा नव्या कोऱ्या गाडीला हरवू शकते. मात्र लिहिलेल्या वेळेच्या आत पोचलात, तर तुम्ही हरलात. मुद्दाम वेळ वाढवून सांगून जिंकता येत नाही. आपण किती पाण्यात आहोत ते ज्याला नेमकं ठाऊक, तोच इथे टिकतो.

मास्तरांचा आकडा वहिनी लिहायच्या, बुटांच्या पांढऱ्या पॉलिशने. मग त्या गाडीच्या समोर जाऊन उभ्या राहायच्या. आत बसलेल्याला पुढची चाकं दिसत नाहीत, म्हणून प्रत्येकाचं एक माणूस असं समोर उभं राहून गाडी सुरुवातीच्या रेघेवर आणतं. वहिनींचे दोन हात म्हणजे मास्तरांना आज्ञा. थोडं डावीकडे, पुढे, अजून पुढे, बस. मग त्या बाजूला व्हायच्या. मास्तर माझ्या आत पुटपुटायचे, "आरसा. पट्टा. घाई नको." अहो, घाई करायलाच तर आलो होतो आपण. मला दर वेळी हसू यायचं.

आणि काय चालवायचे मास्तर! खांबावरचे पिवळे दिवे एकाखाली एक उतरत यायचे, आणि हिरवा लागायला नि मास्तरांचा पाय सुटायला एक गाठ पडायची. तरणीताठी पोरं बाजूच्या पट्टीवर जागीच राहायची. जिंकल्यावर मास्तर हरलेल्याकडे आधी जायचे, आणि त्याच्या गाडीचं काय बिनसलंय ते त्याच्यासोबत वाकून बघायचे. असा माणूस माझ्या नशिबात आला, मी आणखी काय मागणार?

मी नवा होतो तेव्हाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. धावपट्टीवर एक फार जुना गडी होता. त्याला आता नीट दिसत नव्हतं, पण तो ऐकत नव्हता. एकदा त्याची गाडी कडेच्या भिंतीला घासली आणि आयोजकांनी सगळ्यांदेखत त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. म्हातारा रडत होता. मास्तर घरी जाताना वहिनींकडे वळले. मग म्हणाले, "अगं, माझ्यावर ही पाळी येऊ देऊ नकोस. ज्या दिवशी तुला वाटेल की झालं आता, त्या दिवशी समोर उभी राहून हात आडवे कर. मी इंजिन बंद करीन. एका शब्दानं विचारणार नाही."

समोरच्याने हात एकमेकांवर आडवे धरले की इंजिन बंद करायचं, हा तिथला सगळ्यांचा इशारा आहे.

"करीन की," वहिनी म्हणाल्या. "त्यात काय एवढं."

वर्षं गेली. माझ्या आतलं अस्तर मऊ पडलं, मास्तरांचे केस विरळ झाले. आम्ही दोघेही एकमेकांना सैल होऊ लागलो.

पहिल्यांदा खटकलं ते असं. बाजूची गाडी हळू होती, म्हणजे तिचा दिवा आधी लागणार. तिचा हिरवा लागला आणि आमचे मास्तर सुटले! दुसऱ्याच्या दिव्यावर! आमच्या बाजूला लाल लागला, शर्यत तिथेच गेली. ही चूक नवशिक्याची. मास्तर स्वतः पोरांना शिकवायचे, "दिवा आपला बघा, शेजाऱ्याचा नाही." लोक हसले, मास्तरही हसले. पण माझ्या आतलं कपाळ घामाने भिजलं होतं, ते फक्त मला ठाऊक.

पुढच्या खेपेला त्यांनी वहिनींना माझ्या काचेच्या कडेला काळी झापड चिकटवायला सांगितली, शेजारचे दिवे दिसू नयेत म्हणून. पुष्कळजण लावतात. पण मास्तर आजवर त्यांची थट्टा करायचे, "टांग्याला जुंपलंय का तुला?" म्हणायचे. वहिनींनी ती चिकटवली आणि अंगठ्याने दाबत राहिल्या, चिकटली तरी दाबत राहिल्या.

झापडेने लाल दिवा टळला, उशीर टळला नाही. हिरवा लागायचा, मास्तरांना दिसायचा, आणि तरी पाय रेंगाळायचा. गाडी तशीच पळत होती. मी हे कुणाला सांगणार? वहिनींना सांगायची गरज नव्हती. त्या मागे उभ्या राहून चाकंच बघत असायच्या.

त्या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला तपासनीसांनी माझ्या कानाची गादी उचलून पट्टी वाचली. "मास्तर, याची मुदत यंदा संपते. पुढच्या वेळी नवं आणा."

"माझी कुठे लिहिलीय, तेही बघा जरा," मास्तर म्हणाले आणि डोकं पुढे केलं. तपासनीस हसले. वहिनी पॉलिशची डबी शोधत राहिल्या. ती त्यांच्या हातातच होती.

त्या दिवशी नशीब आमच्या बाजूने होतं. समोर आलेल्यांपैकी कुणाची गाडी बिघडली, कुणाची लाल दिव्यात गेली, आणि आम्ही पुढे सरकत गेलो. पण अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीत, शेवटची रेघ ओलांडल्यावर, मास्तरांचा पाय ब्रेकवर उशिरा पडला. बाहेर पडायचं वळण मागे गेलं आणि गाडी पट्टी संपल्यावरच्या वाळूच्या तोंडाशी जाऊन थांबली. ओरखडासुद्धा आला नाही. पण लांबून वहिनींना दिसली ती फक्त धूळ. त्या चपला हातात घेऊन धावत आल्या. एवढं अंतर त्यांनी कधी धावून पार केलं नव्हतं.

"काही नाही झालं गं," मास्तर म्हणाले.

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या.

अंतिम फेरीत समोर होती मास्तरांचीच विद्यार्थिनी. दवाखान्यात परिचारिका आहे. शिकताना गाडीला इतके गचके द्यायची, की मास्तरांनी तिचं नाव गचकेबाई ठेवलं, ते आजतागायत चिकटलंय. आता तिच्याकडे नवी, वेगवान गाडी होती.

"मास्तर, सोडणार नाही हं आज," ती म्हणाली.

"सोडलंस तर फी परत मागायची नाही," मास्तर म्हणाले.

मग ते वहिनींकडे वळले. "ती झापड काढ. आज जे आहे ते नीट बघू दे मला."

वहिनींनी झापड सोलून काढली, आकडा लिहिला आणि समोर उभ्या राहिल्या. डावीकडे. पुढे. अजून पुढे. बस. आणि मग, त्यांनी बाजूला व्हायच्या वेळी, त्यांचे हात पुन्हा वर येऊ लागले. मनगटं एकमेकांकडे सरकली. माझ्या आत मास्तरांनी श्वास धरला. हात तिथेच थांबले, अर्ध्यावर. वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं, आणि हात खाली सोडून त्या बाजूला झाल्या.

"घाई नको," मास्तर पुटपुटले. या वेळी मला हसू आलं नाही.

हिरवा आमचा आधी लागला. मास्तर आपल्याच दिव्यावर सुटले, शेजारी पाहिलं नाही. पण उशिरा सुटले. गाडी जीव तोडून पळाली आणि काचेवर लिहिलेल्या आकड्यात तिने पट्टी पार केली, ना कमी ना जास्त. पण सुरुवातीला पाय उशिरा सुटला होता, तेवढ्या वेळात गचकेबाईंनी गाठलं आणि शेवटच्या रेघेवर पुढे गेल्या. मास्तरांनी ब्रेक वेळेवर लावला. वळण शिकवणीच्या गाडीइतकं हळू घेतलं.

गचकेबाई धावत आल्या तेव्हा त्यांचेच डोळे भरले होते. मास्तरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "क्लच कसा सुटला, पाहिलंस? इतकी वर्षं हेच सांगत होतो."

मग वहिनी आल्या. मास्तर इंजिन चालू ठेवून उतरले, मला काढलं आणि विचारलं, "हात अर्धेच का केलेस?"

"अर्धेच झाले."

"ठरलं होतं आपलं."

"ठरवताना तुम्ही कुठे म्हातारे होतात?" वहिनी म्हणाल्या. "तेव्हा हो म्हणायला माझं काय जात होतं? तुमच्या पायाखालचा तो दुसरा ब्रेक मी व्हायचं, असंच ना? नाही जमत मला. इंजिन बंद केल्यावर तुमचं तोंड कसं होईल, ते बघायला मीच असणार ना समोर."

मास्तरांनी माझ्या काचेवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "खरंय. माझं काम तुझ्या गळ्यात घातलं मी. तू बस जरा आत."

"मी? कशाला?"

"बस तर खरं."

वहिनी चालकाच्या जागेवर बसल्या. मास्तरांनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग ते गाडीच्या समोर गेले, जिथे वहिनी आयुष्यभर उभ्या राहिल्या तिथे, आणि त्यांनी आपले दोन्ही हात एकमेकांवर आडवे धरले. पूर्ण. ते हसत होते. खोटं नाही, मी ते डोकं आतून ओळखतो. वहिनींनी चावी फिरवली आणि इंजिन शांत झालं.

पुष्कळ विजय पाहिले मी मास्तरांचे. त्या दिवशीच्या माणसापुढे ते सगळे फिके आहेत.

आता मी शाळेच्या कचेरीत, खिडकीजवळच्या फळीवर असतो. नवशिके मला घालून आरशात बघतात. मास्तर त्यांना दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून शिकवतात, तो पाय हळू चालणाऱ्या गाडीला अजून चोख पुरतो. गाडी त्यांनी गचकेबाईंना देऊन टाकली. माझं मागणं मोठं नाही. बाद झालो म्हणून मला टाकू नका, पुसून ठेवा. आणि तुमच्या आत पट्टी नसली, तरी कधीमधी गादी उचलून बघत जा. ते काम समोर उभ्या असलेल्या माणसावर सोडू नका.

नव्या हंगामाच्या पहिल्या शर्यतीला मास्तर आणि वहिनी गेले होते. मलाही नेलं. सुरुवातीच्या रेघेपाशी न थांबता दोघं पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणाबाहेर, खुर्च्या टाकून बसले. मी वहिनींच्या मांडीवर. लांबवर दिवे उतरले आणि आमची जुनी गाडी सुटली. मोठी होत होत, गरजत, सरळ आमच्या दिशेने आली.

वहिनी पुढे वाकल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हिला फक्त जातानाच पाहिली. येताना आज पहिल्यांदा बघतेय."