रंग उतरेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. माझा एक कोपरा उडाला आहे आणि पाठीचा पाराही सुटत चालला आहे. पण नाक मुरडू नका. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंतचे कितीतरी राजे, राक्षस आणि दरोडेखोर माझ्यासमोर बसून तयार झाले आहेत.

मुळात मी एका कपाटाच्या दाराला होतो. दार मोडलं, तेव्हा मोहगावच्या नाटक मंडळीचे मास्तर नत्थूजी यांनी मला सागवानी चौकटीत बसवून घेतलं. नत्थूजी भारी कडक. त्यांचा एकच नियम होता. तोंडाला रंग लागला की माणूस संपला, उरलं ते पात्र. त्याला नावानं हाक मारायची नाही. त्यानं कोणाला घरच्या नावानं बोलावलं, तरी ओ द्यायची नाही. रंग उतरेपर्यंत हेच चालायचं. एकदा भर नाटकात राजाला विंचू चावला. तो बिचारा सगळ्यांची नावं घेऊन कळवळला, पण कोणी जागचं हललं नाही. समोरचे लोक म्हणाले, काय रडला बापा! मंडळी पुढं कितीतरी दिवस ते आठवून हसायची. मला मात्र त्या हसण्याची भीतीच वाटली.

याच मंडळीत सुखदेव होता. दिवसा संत्र्याच्या बागेत मजुरी करायचा आणि नाटकात दुष्ट मामा व्हायचा. तोंड असं काही वाकडं करायचा, की लेकरं आईच्या पदरात शिरायची. पुढं सिनेमावाल्यांनी त्याचं नाटक पाहिलं आणि त्याला नेलं. कधी हवालदार, कधी चौकीदार, कधी खुनी. पडद्यावर नाव अगदी खाली यायचं, पण तोंड लोकांच्या ध्यानात राहायचं. सुखदेव मला सगळीकडं सोबत न्यायचा. तिथले रंगवाले मला हसायचे, हसू देत! त्याची मुलगी रजनी माझ्यासमोरच त्याला रंग लावायची. नत्थूजी गेले, पण त्यांचा नियम या बापलेकींनी सोडला नाही.

मागच्या वर्षी बोरगावजवळच्या बागेत शूटिंग होतं. सुखदेवला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं, मालकाचा घात करणाऱ्या बुढ्या राखणदाराचं. सकाळपासून त्याचं डोकं दुखत होतं. रजनीनं रंग लावला, तिकडून हाक आली म्हणून ती कपडे गोळा करायला वळली, आणि तेवढ्यात मला ते दिसलं. त्याच्या तोंडाची एक बाजू आपोआप खाली सरकली. तो तोंड वाकडं करत नव्हता, मित्रांनो. ते होत होतं. आणि आरशाला तोंड दाखवता येतं, बोलता येत नाही.

सुखदेव जड जिभेनं म्हणाला, "रजने, माह्या हातात जीव नाई राहून राहिला."

रजनीनं कपड्यांचं गाठोडं काखेत मारलं. मग लहानपणापासून शिकली होती तेच बोलली, "राखणदारबुवा, चला. तिकडं वाट पाहून राहिले."

ती त्याला सुखदेव म्हणून ऐकतच नव्हती. तो पाय ओढत गेला. राखणदार लंगडाच हवा, असं कोणीतरी कौतुकानं म्हणालं. झाडाला टेकवलेल्या माझ्यात सगळं दिसत होतं. त्याचं तोंड आणखी वाकडं झालं, शब्द तुटले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमा घेणाऱ्या मोठ्या साहेबांनी तोच भाग पुन्हा करायला लावला. मी मनात ओरडत होतो, थांबा, थांबा!

संध्याकाळी रजनी तेल घेऊन रंग पुसायला बसली. रंग गेला, पण वाकडेपणा गेला नाही. तिनं पुन्हा पुसलं. मग तिच्या हातातला फडका खाली पडला आणि ती "बाबा, बाबा" करत राहिली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की लकवा आहे, आणि सकाळीच आणायला हवं होतं.

तो सिनेमा आता लोक मोबाईलवर पाहतात. शेजारची मोनाली परवा कौतुकानं सांगायला आली, काका, काय तोंड केलं तुम्ही! रजनीनं तिला दारापर्यंत पोचवलं.

आता ती रोज सकाळी बापाला माझ्यासमोर बसवते आणि बोलायचा सराव करून घेते. मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. पण रंगलेल्या तोंडानं कोणी तुमचं नाव घेतलं, तर आधी ओ द्या, खेळ नंतर पाहा. रजनी आता त्याचे ओठ हलले की लगेच ओ देते. त्याची हाक मात्र पुरी होत नाही.