तळाशी न बसलेला कण

मावशी परदेशी गेली ती एका सत्रापुरती. दोन विद्यापीठांनी आपापसात विद्यार्थ्यांची अदलाबदल केली होती. तिकडची एक मुलगी इकडं आली आणि इकडची ही तिकडं गेली. शिकायला काय, तर नदीचा गाळ. निघायच्या दिवशी बॅगेची चेन ओढता ओढता तिची ताई म्हणाली, "चिखल काय आपल्याकडं कमी होता? विमानात बसून चिखलात चाललीस."

ताईची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. घरात कुठंही साखरेचा डबा उघडला की ती हजर, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. रोज रात्री मावशीनं गोष्ट सांगितल्याशिवाय मुंगीचे डोळे मिटत नसत. त्या दिवशी ती बॅगेवर बसून राहिली आणि काही केल्या उठेना.

"हे बघ," मावशी तिच्यासमोर उकिडवी बसली, "रोज फोनवर गोष्ट सांगीन. रविवार सोडून. एकच लांबलचक गोष्ट. ती संपणार मी परत आल्यावरच."

मुंगी उठली, पण तिनं ते वाक्य मनात उलटं करून पाहिलं. मोठी माणसं वचन देतात आणि विसरून जातात. लहान मुलं ते खालून वरून तपासतात. मावशी परत आल्यावरच गोष्ट संपणार, म्हणजे आधीच संपली तर मावशी परत येणार नाही. हिशोब सरळ होता. मुंगीनं तो कुणाला सांगितला नाही.

मावशीची प्रयोगशाळा तळघरात होती. खिडक्या वर, छताला लागून. त्यांतून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसत: घाईचे पाय, रेंगाळणारे पाय, एखाद्या कुत्र्याचे चार पाय. दुपारचं ऊन तिथून तिरपं खाली यायचं आणि टेबलावरच्या उंच काचेच्या नळ्यांत उतरायचं. नळ्यांत पाणी, पाण्यात गाळ. नळी दोनचारदा उलटीपालटी करायची, मग टेबलावर उभी करायची आणि थांबायचं. जाड वाळू लगेच खाली बसते. मग बारीक वाळू. त्यानंतर माती. आणि सगळ्यात बारीक कण असतात ते तासन्‌तास तरंगत राहतात, जणू आपल्याला जायचंय कुठं हे त्यांना आठवतच नाही. ठरावीक वेळानं आकडे टिपायचे. मधल्या वेळात नळीला धक्का लावायचा नाही, लागला की काम पहिल्यापासून.

त्यामुळं मावशीचा बराचसा अभ्यास म्हणजे वाट पाहणं होता.

बाहेरच्या मनोऱ्यावर चारचे ठोके पडले की घरी मुंगीची झोपायची वेळ होई. मावशीच्या बाबांनी, म्हणजे मुंगीच्या आजोबांनी, त्यासाठी आणखी एक घड्याळ आणून जुन्याशेजारी टांगलं होतं आणि ते मावशीच्या वेळेला लावलं होतं. मुंगी त्याला मावशीचं घड्याळ म्हणे. त्यात चार वाजायला आले की ती त्याखाली स्टुलावर जाऊन बसायची.

"एक होता कण," मावशीनं पहिल्या दिवशी सुरुवात केली होती, समोरच्या नळीकडं बघत. डोंगराचा एक कपचा निघाला, त्याचा हा कण. तो नदीत पडला. एका माशानं त्याला खाऊ समजून तोंडात घेतलं आणि चव न आवडून थुंकून टाकलं. एका धोब्यानं झटकलेल्या चादरीतून तो उडाला. पुलाखालच्या अंधारात त्याला भीती वाटली, म्हणून तो एका पानाला चिकटून गेला.

"तळाशी नाही ना गेला?" मुंगी रोज विचारायची.

"तळाशी गेला की बसला. बसला की गोष्ट संपली."

"मग नको."

असे दिवस गेले. झाडांची पानं पिवळी झाली. एका शनिवारी कण एका डोहात शिरला. पाणी तिथं वाहतच नव्हतं. कण हळूहळू खाली जाऊ लागला. उजेड आधी हिरवा झाला, मग निळा. सांगता सांगता मावशीलाच गुंगी आली.

"मग?" मुंगी म्हणाली.

"मग सोमवारी."

"खाली पोचला?"

"अजून नाही. सोमवारी सांगते."

रविवारी मावशी उशिरापर्यंत झोपली. सोमवारी चारचे ठोके पडले आणि तिनं फोन लावला. ताईनं उचलला.

"झोपली," ताई म्हणाली.

"आज इतक्या लवकर?"

"लवकर कसली? तासभर स्टुलावर बसून होती. हलेना. शेवटी बाबांनी उचलून आत नेलं."

"अगं, आत्ता तर इथं चार वाजतायत."

"तुझ्या घड्याळात पाच वाजलेत."

मागून बाबांचा आवाज आला, "तिला सांग, माझं घड्याळ एका मिनिटानंही मागंपुढं नाही."

मावशीनं फोन कानाला तसाच धरून प्रयोगशाळेच्या बाईंना विचारलं. या बाई नळ्या धुवायच्या, चाव्या सांभाळायच्या आणि कुणी टेबलाला टेकलं की खाकरायच्या.

"शनिवारी रात्री घड्याळं मागं झाली की," बाई म्हणाल्या. "हिवाळा जवळ आला की इथं सगळे तासभर मागं जातात. तुला कुणी सांगितलं नाही?"

"मला वाटलं, मला काल खूप झोप लागली."

"तशी सगळ्यांनाच लागते त्या दिवशी."

सगळा देश एका रात्रीत तासभर मागं सरकला होता, फोनमधलं घड्याळही गपचूप सरकलं होतं, आणि घरच्या भिंतीवरचं एकटं घड्याळ तिची वाट बघत पुढं निघून गेलं होतं.

"ताई, ती काही म्हणाली का?"

"म्हणाली, कण खाली पोचला. आता मावशी येणार नाही. कुठून काढलं कोण जाणे. समजावलं गं, पण ऐकते कुठं? रडत रडत झोपली."

मावशीला तेव्हा कुठं आपलं निघतानाचं वाक्य उलट्या बाजूनं दिसलं.

ती खोलीवर चालत गेली. दिवस तासभर आधीच मावळत होता. रस्त्यावरची पानं पायाखाली आवाज करत नव्हती, ओली होती. दिवे लागत होते आणि आपण डोहातून चाललोय, असं तिला वाटत राहिलं. आधी हिरवं, मग निळं. उद्या मुंगी फोनवर आलीच नाही तर? सहा वर्षांच्या माणसाचा विश्वास एकदा तळाशी बसला की तो कसा ढवळायचा, हे कुठल्या नळीत शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं तीनच्या ठोक्याला फोन केला. बाबांनी उचलला. पाठीमागं खळखळ चालू होती.

"बाबा, आवाज कसला येतोय?"

"बाटली हलवतोय."

"कसली बाटली?"

"तुझ्या कणाची. सकाळी उठली आणि म्हणाली, बाटली द्या. कुंडीतली माती घातली, पाणी घातलं, झाकण लावलं. म्हणे, आपण खाली बसूच दिलं नाही तर तो बसेल कसा? शाळेत जाताना माझ्या हातात देऊन गेली. आजोबा, खाली ठेवायची नाही. माझी दुपारची झोप गेली त्यात."

"ठेवायची जरा खाली. ती काय बघायला येतेय?"

"बाई गं, मी तिला शब्द दिलाय." खळखळ पुन्हा सुरू झाली. "तुझी ताई तर मघाशी एका हातानं भांडी घासत होती आणि एका हातानं... थांब, आली तुझी मुंगी."

फोन हातातून हातात गेला. मुंगीचा श्वास ऐकू आला.

"मावशी, तो बसला नाहीये," ती घाईनं म्हणाली. "काल तू आली नाहीस ना, तर मी डोळे मिटून मनातच त्याला हलवत होते. मग बाटली केली."

"काल माझं घड्याळ चुकलं, राणी. मी आले होते. तू झोपली होतीस."

"मग तू येणार?"

"येणार."

मुंगीनं थोडा विचार केला. "मग आता तू हलव थोडा वेळ. आमचे सगळ्यांचे हात दुखले."

मावशीसमोर नळी उभी होती. सकाळपासूनची. वरचं पाणी नितळत आलं होतं, त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती आणि खिडकीत कुणाचे तरी पाय. शेवटचा आकडा तेवढा टिपायचा राहिला होता. मावशीनं फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला, नळीच्या तोंडावर तळवा घट्ट दाबला आणि नळी उलटी केली. सकाळपासून बसलेलं सगळं एका क्षणात उठलं. पाणी ढगासारखं झालं.

"हलवतेयस?"

"हलवतेय. कण आत्ता तळाला टेकणार होता. एवढ्यात खालून एक झरा उसळला..."

बाई खाकरल्या. मावशीनं वर पाहिलं. बाईंनी चष्म्यावरून आधी नळीकडं पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडं.

"सकाळपासूनचं होतं ना ते?"

"हो."

"मग उद्या लवकर ये," बाई म्हणाल्या आणि चाव्या घेऊन पलीकडं गेल्या.

सत्र संपलं आणि मावशी घरी पोचली ती सकाळची. दारात मुंगी बाटली घेऊन उभी. बाटलीचं झाकण दोनदा बदललं होतं, आणि भिंतीवरचं मावशीचं घड्याळ बाबांनी तासभर मागं घेतलं होतं.

"आता ठेवू?" मुंगीनं विचारलं.

"ठेव."

दुपारी दोघी खिडकीपाशी गादीवर आडव्या झाल्या. बाटली खिडकीत उन्हात होती. जाड कण केव्हाच खाली गेले होते, मातीचा एक पट्टा जमला होता, आणि वर अजून गढूळ होतं.

"एक राहिलाय," मुंगी म्हणाली. "सगळ्यात बारीक. सांग."

"मग तो कण," मावशी म्हणाली, "फिरून फिरून... एका उन्हाच्या ठिकाणी..." मावशीचं अंग अजून तिकडच्या वेळेवर चाललं होतं, प्रवासात डोळ्याला डोळा लागला नव्हता. वाक्य अर्ध्यातच राहिलं.

मुंगीनं वाकून पाहिलं. मावशी झोपली होती, तोंड थोडं उघडं टाकून.

मुंगीनं पांघरूण तिच्या खांद्यापर्यंत ओढलं आणि बाटलीकडं पाहत हळू आवाजात सांगितलं, "मग तो खाली आला. कुणी हलवलं नाही. त्यानं कूस बदलली, आणि बसला."