पेर्नोल्डांचा दगड

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. हिटलरचं कूळ शोधू नये असं मात्र कुणी सांगून ठेवलं नव्हतं, आणि त्याची फळं हर्मिना पेर्नोल्ड भोगत होती. हिटलरच्या बापाचा बाप कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या बापाची आई इथलीच, ऑस्ट्रियाच्या वाल्डफियर्टेल भागातली, लग्नाआधी पोर झालेली. पुढचं सगळं अंदाजपंचे. उन्हाळ्यात व्हिएन्नाच्या एका साप्ताहिकानं छापलं, की तो आजोबा म्हणजे हाझलग्राबेनचा गिरणीवाला पेर्नोल्ड. पुरावा काय, तर गावात असं बोलतात.

ज्या गावात बोलतात ते गाव तर उरलंच नव्हतं. अडतीस साली सैन्याच्या सरावासाठी ते उठवलं, मग तोफांनी भुईसपाट केलं. चर्चच्या भिंती तेवढ्या राहिल्या, आणि कबरी. आता चाळीस वर्षांनीही रान सैन्याकडेच होतं. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, फाटक उघडायचं आणि जुन्या गावकऱ्यांना मेणबत्त्या लावू द्यायचे. नवं प्रेत पुरायला बंदी. म्हणून हर्मिनाच्या म्हाताऱ्या आईनं, आलोइसियानं, हट्ट धरला होता की देह कुठंही पुरा, पण नाव मात्र गाव उठता उठता इथंच पुरलेल्या बापाच्या नावाखाली कोरा, आणि तेही मी जिवंत असताना. मरणाचं साल मागाहून घालता येतं, सगळे तसंच करतात. सैन्याच्या कचेरीचे उंबरे झिजवून हर्मिनानं परवानगी मिळवली होती. यंदा मृतांच्या दिवशी ती आईला आणि पाथरवटाला सोबत घेऊन आली होती.

आणि गिरणीवाल्यापासून सगळ्या पेर्नोल्डांची नावं असलेल्या त्या दगडाची ही दशा! एका बाजूला लाल रंग फासलेला, पायाशी कुणा नालायक हिटलरभक्तानं ओकच्या पानांचा हार ठेवलेला. उन्हाळ्यापासून कुंपणातून माणसं घुसत होती म्हणे. हर्मिनानं तो हार लाथेनं उडवला.

"बाई, जरा इकडे या," बंदोबस्ताला आलेला मेजर म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण कंटाळलेला होता. "मला वरून सांगून आलंय, दगड उचला. इथं जत्रा नको. हे साप्ताहिकाचे रीडलसाहेब. त्यांच्यासमोर एकदा स्पष्ट सांगा की नातं नाही. ते छापतील, विषय मिटेल, मी दगड राहू देतो. तुमचा पाथरवट लागू दे कामाला."

"हात्तिच्या, एवढंच ना?" हर्मिना म्हणाली. "नाही आमचं नातं. छापा."

शेजारच्या कबरीवरची पानं झाडत रोझा श्राम्ल मोठ्यानं हसली. एकाच गावच्या, पण श्राम्ल मंडळी पेर्नोल्डांशी सरळ बोलायची नाहीत. का, ते हर्मिनाला कधी कळलं नव्हतं.

"आता नाही होय?" रोझा म्हणाली. "गाव उठलं तेव्हा आम्हाला गळकी पत्र्याची शेड मिळाली, आणि तुम्हाला दगडी घर, गोठा नि सफरचंदाची बाग. ते काय तुमच्या नाकाकडे बघून दिलं? विचार की आईला."

हर्मिनानं आईकडे पाहिलं. म्हातारी स्वेटरच्या बाहीनं दगडावरचा रंग पुसत होती.

"आई, काय म्हणतेय ही?"

"खरं म्हणतेय," आई म्हणाली. "तुझ्या आजोबानं सांगितलं होतं घरं वाटणाऱ्या साहेबाला. त्याच्या कानात. की आमचा म्हातारा गिरणीवाला म्हणजे साहेबांच्या साहेबांचा आजोबा. त्या दिवसांत असं बोललं की दारं उघडायची गं."

"म्हणजे ही भानगड आपल्याच घरातून सुटली?"

"आणि ते घर तुला आवडतं."

हर्मिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या घराच्या खिडक्यांना ती दर वसंतात हौसेनं रंग द्यायची, ते घर आजोबानं थापेवर कमावलं होतं. रोझाच्या भावाला त्या शेडमध्ये क्षय झाला आणि तो गेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आता गप्प बसलं तर दगड जातो, बोललं तर आजोबा लबाड ठरतो. ठरू दे. होताच लबाड.

ती रीडलसमोर जाऊन उभी राहिली, रोझाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली. "लिहा. माझ्या आजोबानं थाप मारली. चांगलं घर लाटायला. ज्यांचं हक्काचं होतं त्यांना मिळालं नाही. बस्स. नातंबितं काही नाही."

रोझाचा झाडू थांबला. रीडलनं मात्र पेन उचललंच नाही. "आज सगळेच नाकारतात हो, बाई. तेव्हा सगळेच मिरवायचे. थापच होती, हे तुम्हाला कशावरून ठाऊक?"

"आईला विचारा! ती होती तिथं."

रीडल आईकडे वळला. "आजी, थाप होती ना?"

आता एक 'हो' म्हणायचं होतं. जन्मभर दुधात पाणी घालून विकणाऱ्या बाईला एक 'हो' काही जड नव्हतं. पण म्हातारी बापाच्या दगडाला हात लावून उभी होती, आणि तिथं उभं राहून तिला खोटं बोलवेना.

"मला तरी काय ठाऊक?" ती म्हणाली. "बापाला विचारलं होतं मी. तो म्हणाला, नसेल कशावरून? कोण जाणे."

"आई, अगं गप्प बस ना."

रीडलचं पेन आता भराभर चालू लागलं. त्यानं म्हातारीला दगडाशी नीट उभं केलं, नाव विचारलं, जन्मसाल विचारलं, फोटो काढला. मेजरनं खांदे उडवले आणि पाथरवटाला हत्यारं आवरायला सांगितली. जाताना रोझा पहिल्यांदाच हर्मिनासाठी बसमध्ये बाजूला सरकली. त्याचं सुख मानायच्या मनःस्थितीत हर्मिना नव्हती.

नाताळाआधीच दगड उचलून नेला. कुठं नेला, ते कचेरीत कुणी सांगेना.

साप्ताहिक आलं तेव्हा वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'कोण जाणे!' कबुलीचा एक शब्दही नव्हता. हर्मिना ते चुलीत घालायला निघाली, तर आईनं हातातून ओढून घेतलं आणि चष्मा लावला. फोटोत दगड स्पष्ट आला होता. त्यावर बापाचं नाव होतं, आणि फोटोखाली, बरोबर त्याच्या खाली, छापलेलं होतं: आलोइसिया पेर्नोल्ड, जन्म १९०६.

म्हातारीनं नावावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली.

"आलं बघ," ती म्हणाली. "कात्रीनं नीट काप. माझ्याबरोबर पेटीत ठेव."

"आई, त्याच्यावर काय लिहिलंय ते तरी बघ."

"ते वरचं काप की."

हर्मिनानं कात्री आणली. वरचं कापलं असतं तर बापाचं नावही गेलं असतं, तो मथळा फोटोवरच छापला होता. तिनं तसंच, अख्खं कापलं.