मुकुटाच्या आतली पट्टी

मी मुकुट. सोन्याचा नाही, कागदाच्या लगद्याचा. वरचा रंग तेवढा सोनेरी. हे आधीच सांगतो, मागून कोणी फसवलं म्हणू नये.

एका नाटक कंपनीच्या रंगाऱ्याने मला घडवलं. जुनी वर्तमानपत्रं भिजवली, कुटली, खळ घातली आणि मालकाच्या डोक्यावरच माप घेतलं. मालकांना सगळे दादा म्हणत. डोकं मोठं, आवाज त्याहून मोठा. नाटकात ते राजा व्हायचे. त्यांचा धाकटा भाऊ प्रधान व्हायचा.

नाटक जुनं, लोकांना पाठ. प्रधान राजाला विष देतो, मला डोक्यावर चढवतो, मग ज्याचा संशय येईल त्याला संपवत जातो. शेवटी सेनापती येऊन त्याला कापतो. पडदा. माणसं डोळे पुसत घरी जात आणि सकाळी सख्ख्या भावाशी भिंतीवरून भांडत.

धाकट्याचं डोकं लहान. दादांची बायको कपडेपट सांभाळायची. राजा मेला की वहिनी विंगेत चार टाक्यांत माझ्या आत कापडाची पट्टी शिवून द्यायच्या, मग मी धाकट्याला नीट बसायचो.

"हलू नका भावजी," त्या म्हणायच्या. "डोक्यात हवा भरलीय, ती दाबून बसवते."

सगळे हसत. धाकटा हसत नसे.

त्याचा सल एकच. विष पिऊन दादा असे मरत की प्रेक्षक हुंदके देत, टाळ्या थांबत नसत. "मेलेल्या माणसाला कसल्या टाळ्या?" धाकटा म्हणायचा.

एका थंडीत दादांचा घसा बसला. दादांचा आवाज कायमचा गेला, असं धाकट्याने जाईल तिथे सांगितलं. गेला नव्हता. पण भाऊच सांगतोय म्हटल्यावर लोकांनी मानलं. दादांनीही कंपनीच्या चाव्या देऊन टाकल्या. सख्ख्या भावाला नाही म्हणवेना.

चाव्या हातात आल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, तू समोर असलास की माझे शब्द अडकतात. विंगेत येत जाऊ नकोस."

मग त्याने माझी पट्टी उसवली. राजाच्या डोक्याला चिंधी शोभत नाही म्हणे. मी कानांवर घसरू लागलो. मान खाली घातली की मी पडणार, म्हणून त्याने मान खाली घालणंच सोडलं. पुढे ती सवयच जडली. घरीसुद्धा तो तसाच फिरे.

राजा आता रंगमंचावर न येता पडद्याआडच मरू लागला. राणीचा विलाप गेला, पाठोपाठ राणी होणारी बाई गेली. सेनापतीची भाषणं कापली तेव्हा त्या नटाने विचारलं, "मग मी करायचं काय?"

"यायचं, मला मारायचं, गप्प बसायचं."

तोही गेला.

"भावजी, सगळ्यांना घालवून राज्य करणार कोणावर?" वहिनींनी विचारलं.

"नाटक माझ्यावर चालतं, वहिनी."

मला हसता येत नाही ते बरं. रंगाचे पापुद्रे पडले असते.

पुढच्या प्रयोगाला सेनापती उरला नाही, म्हणून पडदेवाल्यालाच चिलखत चढवलं. त्याच संध्याकाळी धाकटा त्याला चारचौघांत "दोरीला लटकणारं माकड" म्हणाला होता. माकडाने पत्र्याची तलवार गरजेपेक्षा जरा जोरातच हाणली आणि चिलखतासकट मागच्या दाराने थेट घर गाठलं.

धाकटा पडला. मी घरंगळत पहिल्या रांगेपाशी गेलो. आणि टाळ्या पडल्या, मरणावर. इतकी वर्षं हव्या होत्या त्याच. धाकटा डोळे मिटून ऐकत पडला.

पडदा मात्र पडेना. दोरीपाशी कोणी असेल तर ना. टाळ्या थांबल्या. लोक बघताहेत, प्रेत श्वास घेतंय. मागून कोणीतरी म्हणालं, "राजेसाहेब, मरून झालं असेल तर जाताना दिवे मालवा."

सगळं थिएटर हसू लागलं. मेलेला प्रधान उठला, गुडघे झटकले आणि स्वतःच पडदा ओढला.

दादा तिकीट काढून मागच्या रांगेत बसले होते. ते रंगपटात आले.

"दादा, तू होतास ना? धावत येऊन दोरी ओढायचीस."

"विंगेत येऊ नको म्हणालास," दादा म्हणाले. "आणि उठायचं नव्हतं रे. मेलं की मेलेलं राहावं. एवढं तरी तुला शिकवलं होतं."

कंपनी बुडाली. ती गावोगाव गाडीने जाई, त्या रात्रीचं हसू तिच्या आधी पोचे. पेट्या, पडदे, तलवारी विकल्या. मला कोणी घेतलं नाही.

मी आता दादांच्या परसात असतो. गवत भरून मला उताणं ठेवलंय, म्हणजे राजाच्या हिशेबाने उलटा, कोंबडीच्या हिशेबाने सरळ. ती बसते. बसून अंडं तरी देते. बाबांनो, डोक्यावर काही चढवायचं असेल तर खुशाल चढवा, पण आतून पट्टी शिवून देणारं माणूस घालवू नका.

धाकटा दुपारी वहिनींच्या हातचं जेवायला येतो. काल त्याने मला उचलायला हात घातला. कोंबडीने टोच मारली.

"थांबा भावजी," वहिनी म्हणाल्या. "तिचं व्हायचंय अजून."

धाकट्याने मुकाट्याने मान खाली घातली. डोक्यावर मी नव्हतो, म्हणून जमलं.